घोड्याच्या ब्रायडलमध्ये आधी काय बदलावं?

टाकेवाला
नमस्कार मंडळी. मी चामड्याचं काम करतो. खोगिरांची दुरुस्ती, तंग, रिकिबीचे पट्टे आणि त्याहून जास्त ब्रायडल, म्हणजे घोड्याच्या डोक्यावरचा पट्ट्यांचा साज. दुरुस्तीला आलेली जुनी ब्रायडल उसवताना एक गोष्ट सारखी नजरेत येते. चामडं सगळीकडे सारखं झिजत नाही. कानामागच्या पट्ट्याला कपाळपट्टी जिथे अडकते, तिथे आतली बाजू दबून चकचकीत झालेली असते. नाकपट्टी मधोमध जवळपास कोरी असते, पण नाकाच्या हाडाच्या दोन्ही कडांवर जो भाग येतो तिथे रेघ उमटलेली असते. चामडं जिथे दबतं तिथे खालची कातडीही दबत असणार, एवढं कळायला डॉक्टर व्हायला नको.

आता नवीन नमुना करायचा विचार आहे. कानामागचा पट्टा रुंद, आत फोम, नाकपट्टीलाही मऊ अस्तर. प्रश्न असा: आहे तोच साचा ठेवून सगळीकडे गादी घातली तर पुरेल, की मुळात कापच बदलायला हवा? घोडेवाल्यांनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी बोला. टीका चालेल, फक्त कारण सांगा.

वाचनमात्र
सतरंजी टाकून बसलोय. घोड्यातलं मला फक्त बुद्धिबळातलं अडीच घर कळतं.

निळी_घोडी
टाकेवाला, निरीक्षण अगदी बरोबर आहे. मी पशुवैद्य आहे, त्यामुळे चामड्याखाली काय आहे तेवढं सांगते.

बहुतेकांना वाटतं की ब्रायडलचा भार माथ्यावर, दोन कानांच्या मागे मधोमध पडतो. ब्रिटनमधल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पट्ट्यांखाली दाब मोजणारे सेन्सर ठेवले होते. सर्वाधिक दाब मधोमध नव्हता, तो कानाच्या बुडाशी होता, कपाळपट्टी जोडलेली असते त्या भागात. नाकपट्टीखालीही दाब ठरावीक जागीच साचत होता. तुमच्या चामड्यावरच्या खुणा तेच सांगतायत. त्या जागा टाळून कापलेलं ब्रायडल घातल्यावर दुडक्या चालीत पुढच्या पायाचा गुडघा आणि मागच्या पायाचा सांधा जास्त वाकत होता. डोक्यावरचा पट्टा बदलला आणि पाय सुटे झाले, हे मला पहिल्यांदा वाचताना पटलंच नव्हतं.

आता जागा बघा. कानाच्या बुडाशी कान फिरवणारे स्नायू आहेत, आणि घोडा कान दिवसभर फिरवत असतो. कानाच्या खालून चेहऱ्याची नस बाहेर येते आणि जबड्याच्या मोठ्या स्नायूवरून, कातडीच्या अगदी जवळून पुढे जाते. ती किती उघडी आहे याचं उदाहरण: भूल देऊन घोडा कुशीवर निजवला की आम्ही मोहरकी काढून टाकतो. तिची कडी गालाखाली राहिली तर उठल्यावर ओठ एका बाजूला लोंबू शकतो. पुढे गालाच्या हाडाची धार जिथे संपते, तिच्या वरच्या अंगाला हाडातल्या भोकातून आणखी एक जाड नस बाहेर येते. वरच्या ओठाची आणि नाकपुडीची सगळी संवेदना तिच्यातून जाते. नाकपट्टीची कड तिथे बसली तर फोम कितीही मऊ असो, काय उपयोग?

म्हणून माझं उत्तर: आधी काप. गादी नंतर.

मिती
निळीताईंशी सहमत. मी यंत्रवाला माणूस, घोड्यावर बसण्याचं धाडस नाही, पण दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे पाठ आहे.

रुंद पट्टा चांगला, ही अर्धी गोष्ट. रुंदी तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा पट्टा सगळ्या रुंदीने टेकतो. घोड्याचा माथा सपाट नाही. रुंद आणि ताठ पट्टा घेतलात तर तो दोन कडांवर उभा राहील, मधला भाग हवेत. म्हणजे चामडं दुप्पट वापरून दाब तेवढाच, शिवाय पुढची कड कानाच्या बुडात घुसणार ती वेगळीच. मधला भाग रुंद, कानांमागे आतल्या बाजूला वाटीसारखा कापलेला आणि आडव्या दिशेने वाकणारा, असा पट्टा करा.

गादीबद्दल: घट्ट बुटात जाड मोजा घातला तर पाय सुखावत नाही, आणखी आवळला जातो. नाकपट्टी त्याच भोकात ठेवून आत सहा मिलिमीटर फोम घातलात तर तेच होणार. फोमने दाब पसरतो खरा, पण आधी एकूण बल कमी करा.

खरारा
सगळं वाचलं. चांगलं आहे. पण चोर सोडून संन्याशाला फाशी नको. घोड्याचं तोंड पट्टा नाही दुखवत, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जो बसलाय तो दुखवतो. माझ्या हाताखाली घोडे वाढले. साध्या जुन्या लगामावर शांत चालणारे पाहिले आणि भारीतल्या मऊ साजात डोकं आपटणारेही पाहिले. हात जड असेल तर मखमलीचा लगाम करा, काही फरक नाही.

अबलख
खरारा काका, हात महत्त्वाचा हे शंभर टक्के मान्य. पण वरती नाकपट्टी सैल करा असा सूर लागलाय त्याला माझा विरोध आहे. मी स्पर्धा खेळते. नाकपट्टी ढिली असली की बिट, म्हणजे लगामाचं तोंडातलं लोखंड, हलतं, घोडा जबडा तिरका करतो, जीभ बिटावरून काढतो. मग मीही लगाम जास्त धरते. नीट बसलेली नाकपट्टी बिट स्थिर ठेवते, म्हणजे घोड्यालाही बरंच. शिवाय तोंड उघडलं की परीक्षक गुण कापतात. सगळं शास्त्र खरं असेल, गुणपत्रिका माझ्या हातात येते.

वाचनमात्र
एरवी नाक दाबलं की तोंड उघडतं. तुमच्याकडे तोंड मिटावं म्हणून नाक दाबतात. म्हणीची पार उलटापालट केलीत.

निळी_घोडी
वाचनमात्र, विनोद सोडा, मुद्दा नेमका तोच आहे.

अबलख, "नीट बसलेली" म्हणजे किती? बहुतेक नियमपुस्तकांत आणि जुन्या शिकवणीत दोन बोटं जातील एवढी जागा सांगितलेली असते. 2017 साली आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांत 750 घोड्यांच्या नाकपट्ट्या मोजल्या गेल्या. दोन बोटांची जागा फक्त 7 टक्के घोड्यांना होती. 44 टक्के घोड्यांना एक बोटही जात नव्हतं. म्हणजे जे "नीट" म्हणून चाललंय ते बऱ्याचदा गच्च आवळलेलं असतं.

2016 साली बारा घोड्यांवर एक प्रयोग झाला होता. दोन बिटांचं ब्रायडल घालून नाकपट्टी टप्प्याटप्प्याने आवळली. सगळ्यात घट्ट असताना हृदयाचे ठोके वाढले, डोळ्याचं तापमान वाढलं आणि चघळणं कमी झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी नेहमीपेक्षा जास्त चाटलं, गिळलं, जांभया दिल्या. अडवून ठेवलेली हालचाल सुटल्यावर भरून निघते तसं.

घोड्याच्या वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा झिजून धारदार होतात. बाहेरून पट्टी आवळली की गालाची आतली कातडी त्या धारेवर दाबली जाते. तोंड बंद दिसतं, आत जखम होते. जबडा का तिरका करतोय ते आधी बघा. दात तपासलेत का? दाढांच्या पुढ्यात बारीक लांडगेदात आहे का? बिटाची रुंदी बरोबर आहे का? तोंड उघडणं ही तक्रार आहे. तक्रारीवर पट्टी बांधली की ती ऐकू येत नाही, एवढंच.

अबलख
दात दर सहा महिन्यांनी तपासते, ताई. लांडगेदात केव्हाच काढलेत. पण गच्च आवळणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. आजच बोटं घालून बघते.

शिंगरू
नवखा प्रश्न. बोटं घालायची कुठे? मला तर क्लबात गालाच्या बाजूने घालायला शिकवलं. तिथे दोन काय, तीन बोटं आरामात जातात.

मिती
शिंगरू, लाखमोलाचा प्रश्न. बाजूला हाड आत वळतं, पट्टा सरळ जातो, मध्ये आपोआप पोकळी राहते. तिथे बोटं जाणारच, नाकावर पट्टा कितीही रुतलेला असला तरी. पुढून, नाकाच्या हाडावर मधोमध मोजायचं. बोटं आडवी सपाट, एकावर एक नाहीत. आणि कुणाची बोटं? माझी की तुमची? म्हणून साधारण दीड सेंटीमीटर जाडीचं माप वापरतात. एफईआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, स्पर्धांत 2025 पासून यासाठी ठरलेलं उपकरण आलंय, तेही नाकाच्या हाडावरच मोजतं.

मोकळं_तोंड
मूळ दुखणंच कुणी बोलत नाहीये. लोखंड तोंडात कशाला? पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे तिथे हाडावर पातळ कातडी, बस. त्यावर धातू. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर 261 घोड्यांची तोंडं तपासली तेव्हा 84 टक्क्यांच्या तोंडात बिटाच्या भागात ताज्या जखमा सापडल्या. टाकेवाला, बिनबिटाचं ब्रायडल करा. बाकी सगळी मलमपट्टी.

कडियाळ
आला, आला. मी वाटच बघत होतो.

मोकळं_तोंड साहेब, ते शर्यतीचे घोडे होते, पूर्ण वेगात, शर्यत संपल्या संपल्या तपासलेले. तोच आकडा शाळेतल्या संथ घोड्याला कसा चिकटवता? आणि बिट काढलं की बल नाहीसं होत नाही, नाकावर जातं. दांड्यांचा हॅकमोर बघा, तोही बिनबिटाचाच: वर नाकपट्टी, खाली साखळी, मध्ये तरफ. जड हाताच्या माणसाकडे तो दिला तर साध्या सांध्याच्या बिटापेक्षा वाईट. नाकाच्या हाडाचं टोक पातळ असतं, पट्टा खाली घसरला तर थेट त्यावर.

मोकळं_तोंड
मी दांड्यांच्या हॅकमोरबद्दल बोललोच नाही. डॉ. रॉबर्ट कुक यांनी पुढे आणलेला प्रकार बघा, जबड्याखाली पट्टे एकमेकांना छेदून उलट्या बाजूला जातात, दाब डोक्यावर वाटला जातो. किंवा साधी बाजूची कडी, लगाम नाकपट्टीला. तरफ नाही, काही नाही.

कडियाळ
"वाटला जातो" म्हणजे कानामागे पण जातो. म्हणजे निळीताईंनी सांगितलेली नाजूक जागा परत आलीच. आणि ड्रेसाजच्या, म्हणजे शिकवलेल्या चालींच्या, एफईआय स्पर्धेत बिनबिटाचं चालत नाही. उड्यांच्या स्पर्धेत चालतं, ते मान्य.

खरारा
दोघांचे हात जड आहेत असं लिहिण्यावरून वाटतं.

वाचनमात्र
काकांना दंडवत.

निळी_घोडी
बिटाचा वेगळा धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील. एवढंच सांगते: बिट असो वा नसो, कानामागचा पट्टा आणि नाकपट्टी दोन्हीत असते. टाकेवाल्यांचा प्रश्न दोन्ही पक्षांना लागू आहे. आणि बिटवाल्यांनी "जाड बिट म्हणजे सौम्य बिट" हे सोडून द्या. जीभ आणि टाळू यांनी तोंड आधीच भरलेलं असतं, बऱ्याच घोड्यांना जाड बिटासाठी जागाच नसते.

गाढवप्रेमी
घोड्यांच्या गर्दीत गाढवाचा एक प्रतिसाद चालवून घ्या.

बहुतेक लोक लहान घोड्याचं ब्रायडल गाढवावर चढवतात. बसत नाही. गाढवाचं कपाळ रुंद, थोबाड त्यामानाने निमुळतं, आणि कान... कान तुम्हाला माहीतच आहेत. कपाळपट्टी आखूड पडली की ती कानामागचा पट्टा पुढे ओढते आणि पट्टा कानांच्या बुडात रुततो. वर कान दुमडून, ओढून पट्ट्यातून काढायचे. असं चार वेळा झालं की गाढव डोकं वर करतं, आणि मग गाढव हट्टी.

उपाय साधा. कानामागचा पट्टा एका बाजूने बकलाने उघडणारा करा. कान न दुमडता पट्टा मागून आणायचा आणि लावायचा. हीच सोय कान हाताळू न देणाऱ्या घोड्यालाही करता येईल. दुसरं म्हणजे गाढव दुखणं लपवतं, घोड्यासारखं डोकं आपटत नाही. शांत उभं आहे म्हणजे साज बरोबर बसलाय असं समजू नका.

टाकेवाला
गाढवप्रेमी, हे सोन्यासारखं आहे. एका बाजूने उघडणारा पट्टा डोक्यातच नव्हता. कपाळपट्टीचा मुद्दाही घेतला. माझ्याकडे येणाऱ्या ब्रायडलमध्ये कपाळपट्टी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग असतो. लोक तिच्यावरचे मणी बघतात, लांबी नाही.

सारथी
मी गाडीला घोडा जोडतो, त्यामुळे झापडांबद्दल दोन शब्द. घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळजवळ चारी बाजूंचं दिसतं. गाडीच्या घोड्याला मागे फिरणारी चाकं दिसू नयेत म्हणून झापडं. पण ती गालपट्टीलाच शिवलेली असतात, आणि गालपट्टी सैल झाली की झापड डोळ्यावर येतं. पापणीचे केस घासतात. झापडाचा मध्य डोळ्याच्या रेषेत हवा आणि डोळा मिचकावताना कुठेही स्पर्श नको. झापडं बाहेर तिरकी ठेवायला जी तार किंवा पट्टी असते ती नीट ताठ ठेवा, वाकली की संपलं.

अवांतर: एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये गाडीच्या घोड्यांची मान उंच दिसावी म्हणून वर खेचून बांधायचा पट्टा होता. चढावावर घोड्याला डोकं खाली करून जोर लावताच येत नसे. त्याविरुद्ध तिथे चळवळ झाली. दिखाव्यासाठी पट्टा आवळणं हे काही आजचं नाही.

शिंगरू
घोड्याला त्रास होतोय हे मला कळणार कसं? मी जेमतेम दुडकीवर तोल सांभाळतो.

निळी_घोडी
घोडा सजवतानाच बरंच कळतं. ब्रायडल आणलं की डोकं वर नेतो का, कान मागे घालतो का, दात दाखवतो का, ते बघ. साज काढल्यावर कानामागे हात फिरव. केस तुटून आखूड झालेत, घामाचा डाग पट्टाभर असताना मध्येच एक कोरडा ठिपका आहे, किंवा गडद अंगावर पट्ट्याच्या जागी पांढरे केस उगवलेत, या सगळ्या खुणा आहेत. पांढरे केस म्हणजे तिथल्या कातडीने पुष्कळ सोसलंय. नाकाच्या हाडावर पट्ट्याच्या जागी खोबण लागते का तेही चाचप.

स्वारीतलं बघायचं असेल तर डॉ. स्यू डायसन यांनी 24 वागणुकींची यादी केली आहे. कान मागे पाच सेकंद किंवा जास्त, तोंड वारंवार उघडणं, जीभ बाहेर, शेपटी झटकणं, अडखळणं वगैरे. आठ किंवा जास्त दिसल्या तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता खूप. ते ब्रायडलच असेल असं नाही, पाय असेल, पाठ असेल, खोगीर असेल. पण "स्वभावच तसा आहे" हे वाक्य त्यानंतरच बोलायचं.

खरारा
माझी पद्धत सांगतो, यंत्र लागत नाही. ब्रायडल चढवा. कानामागच्या पट्ट्याखाली हाताची बोटं सपाट सरकवा. आता दुसऱ्या माणसाला लगाम हळू घ्यायला सांगा, स्वारीत असतो तेवढाच. मग घोड्याची मान वळवा, हनुवटी आत घ्यायला लावा. तुमची बोटं काय म्हणतात ते ऐका. बऱ्याच पट्ट्यांत कपाळपट्टीच्या सांध्यापाशी बोट चिमटतं. जे आपल्या बोटाला एवढ्यात नको होतं ते त्याला तासभर.

गळपट्टीचंही तसंच. उभ्या घोड्याला ती सैल वाटते. हनुवटी आत घेतली की जबड्याचा कोपरा मागे येतो आणि जागा संपते. मान वाकवून बघा, आडवा हात गेला पाहिजे.

मिती
काका, तुमची पद्धत म्हणजे सेन्सरच आहे, फक्त फुकटचा. टाकेवाला, लगाम घेतल्यावर दाब बदलतो हे लक्षात ठेवा. रिकाम्या डोक्यावर मोजून नमुना पक्का करू नका.

आणखी एक. जुन्या पद्धतीत नाकपट्टीचा स्वतंत्र पट्टा कानामागच्या पट्ट्याच्या खालून जातो. म्हणजे माथ्यावर दोन थर आणि वर उंचवटा. आतला अरुंद पट्टा सगळा भार घेतो, वरचा रुंद पट्टा नुसता मिरवतो. "कानामागून आली आणि तिखट झाली" ती हीच. नाकपट्टी एक तर वरच्या पट्ट्यातच जोडा, नाहीतर त्याच्या बाहेरून, खाचेतून न्या. घोड्याच्या अंगाला एकच सपाट पृष्ठभाग लागला पाहिजे.

कडियाळ
मिती, म्हण वापरायची होती म्हणून मुद्दा काढलात की मुद्दा होता म्हणून म्हण?

मिती
पहिलं.

टाकेवाला
मधल्या काळात काम केलं, म्हणून गप्प होतो. चांगलं चामडं कापायच्या आधी जाड कापडाचा कच्चा नमुना शिवला आणि आतून खडू घासला. तीन वेगवेगळ्या डोक्यांवर चढवून बघितलं, काकांच्या पद्धतीने लगाम घ्यायला लावून. खडू जिथे कातडीवर दाट उतरला तिथे खूण केली.

रुंद पट्ट्याचा पहिला काप बाद. मिती म्हणाले तसंच झालं, पुढची कड कानाच्या बुडात आणि मधे खडू तसाच कोरा. मग कानांमागे दोन्ही बाजूंना खोल वळण कापलं, मध्य रुंद ठेवला आणि पट्ट्याचं चामडं मधल्या भागात तासून पातळ केलं. आता मधे खडू सारखा उतरतो. कडा रापीने उतरवून गोल घासल्या. टाका आतल्या बाजूला खाचेत बसवलाय. वर आलेला टाका म्हणजे कातडीवर दाण्यांची ओळ.

दुखणं राहिलंय ते बकलांचं. गालपट्टीचं बक्कल डोळ्यामागे, जबड्याच्या सांध्यावर येतं. वर नेलं तर कानाजवळ, खाली नेलं तर गालाच्या हाडावर.

निळी_घोडी
सांध्यावर नकोच. तोंड हलवताना तो सांधा सतत हलतो. खाली न्या, पण गालाच्या हाडाच्या धारेच्या वर किंवा खाली, धारेवर नाही. आणि बकलाच्या मागे चामड्याची जीभ ठेवा, धातू कातडीला लागायला नको.

मिती
आणि भोकं जवळजवळ पाडा. दोन भोकांत अंतर जास्त असलं की एक भोक सैल आणि पुढचं घट्ट, मधलं माप नाहीच. मग माणूस घट्ट निवडतो. दोन्ही बाजूंना बकल ठेवलंत तर वाकडेपणाही जुळवता येईल. घोड्यांची डोकी दोन्हीकडून सारखी नसतात.

सारथी
अस्तराला काय लावताय? लोकरीचं अस्तर छान दिसतं, पण कुसळं आणि धूळ धरून ठेवतं, आणि रोज झटकणारा माणूस नसेल तर त्याचं घासकापड होतं. निओप्रीन घाम आत कोंडतं. मी मऊ चामड्याचंच अस्तर पसंत करतो. मात्र घाम पुसा, मीठ चामड्यात मुरलं की महिन्याभरात पट्टा ताठ आणि सगळी मेहनत पाण्यात. पॉलिस्टर पट्टीवर प्लास्टिकचा थर दिलेले कृत्रिम पट्टे धुवायला सोपे आहेत, पण त्यांच्या कडा कडक असतात. कड गोल करता येत नसेल तर घेऊ नका.

अबलख
बातमी. त्या दिवशी बोटं घातली, मधोमध, नाकावर. एकही गेलं नाही. मला ती "नीट बसलेली" वाटत होती. एक एक भोक सैल करत दोन बोटांवर आणली.

आता खरं सांगते, मिकलेमसारखं सगळं छान झालं असं नाही. पहिल्या स्वाऱ्यांत घोड्याने तोंड जास्त उघडलं, आणि माझा हात किती वेळा बिटावर ओढतोय ते पहिल्यांदा कळलं. पट्टी ते झाकत होती. आता तोंड उघडणं कमी झालंय, बंद झालेलं नाही. डोकं झटकणं मात्र थांबलंय. परीक्षकांचं पुढच्या स्पर्धेत कळेल.

खरारा
शाब्बास पोरी.

शिंगरू
मिकलेम म्हणजे काय?

अबलख
विल्यम मिकलेम यांनी काढलेला ब्रायडलचा प्रकार. नाकपट्टी गालाच्या हाडाची धार टाळून जाते आणि गालपट्टीला कडीने जोडलेली असते. क्लबातल्या अर्ध्या लोकांना वाटतं तो घातला की सगळे प्रश्न संपतात. तोही आवळला तर घट्टच होतो.

मोकळं_तोंड
अबलख, बिट काढून एकदा बंदिस्त मैदानात फिरवून बघा. एवढंच म्हणतो. भांडण नाही.

अबलख
बंदिस्त मैदानात, साध्या बाजूच्या कडीवर, बघीन. कडियाळ दादांना सांगू नका.

कडियाळ
वाचलं.

टाकेवाला
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर माझं ठरलं ते असं. कापापासून सुरुवात. कानामागचा पट्टा वळणाचा, एका बाजूने उघडणारा, नाकपट्टीचा पट्टा बाहेरून. कपाळपट्टी पूर्वीपेक्षा लांब, आणि तिची जोडणी कानाच्या बुडापासून खाली. फोम फक्त कानामागे, तोही पातळ. नाकपट्टीला फोम देणार नाही, त्याऐवजी शेवटचं भोकच असं पाडणार की त्या घोड्याच्या मापाला दीड सेंटीमीटरपेक्षा घट्ट होणारच नाही. यावर गिऱ्हाईक कुरकुरणार हे माहीत आहे. भोक पाडायची आरी प्रत्येकाच्या घरी असते.

नमुन्यासाठी डोक्यांची मापं हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी चार मापं कळवा: कानामागून एका तोंडाच्या कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, कपाळावरून एका कानाच्या मागच्या बाजूपासून दुसऱ्या कानाच्या मागच्या बाजूपर्यंत, गालाच्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटांवर नाकाचा घेर, आणि कानामागून जबड्याखाली पूर्ण घेर. कापडी टेपने, घोडा डोकं नेहमीसारखं धरून उभा असताना.

गाढवप्रेमी
गाढवांची चालतील का?

टाकेवाला
चालतील काय, आधी तीच पाठवा.

शिंगरू
कपाळपट्टीवर मणी लावता येतील ना पण? निळे?

टाकेवाला
लावता येतील. बाहेरच्या बाजूने. आणि मण्यांचा दोरा आत आला तर काका बोट घालून बघणार आहेत.